शाळांच्या खोल्यांतील रेडॉन मापन : जळगाव जिल्हा, प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुटी संपून शाळा भरू लागल्या असल्याने आजपासून या नोंदी सुरू करीत आहोत. प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. जिल्ह्यातील तीन शाळांच्या तळमजल्यावरील खोल्यांत रेडॉन वायू किती आहे हे हिवाळाभर मोजायचे, आणि ज्या खोलीत तो जास्त आढळेल तिथे शाळेला झेपेल असा उपाय करून त्याचा उपयोग झाला की नाही हे पुन्हा मोजून ठरवायचे.

रेडॉन दिसत नाही, त्याला वास नाही. मातीत आणि खडकात अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियम-२३८ चे विघटन होत होत रेडियम-२२६ तयार होते आणि त्यातून रेडॉन-२२२ बाहेर पडतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ३.८ दिवसांचे आहे, त्यामुळे जमिनीखालून वर येऊन खोलीत साचायला त्याला पुरेसा अवधी मिळतो. रासायनिकदृष्ट्या तो निष्क्रिय असल्याने श्वासावाटे आत गेलेला बराचसा वायू तसाच बाहेर येतो. खरा धोका त्याच्या विघटनातून तयार होणाऱ्या पोलोनियम-२१८ आणि पोलोनियम-२१४ यांचा आहे, कारण हे घन कण धुळीला चिकटतात, फुप्फुसाच्या अस्तरावर बसतात आणि तिथेच अल्फा किरण सोडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या सिद्ध घटकांमध्ये केली.

खान्देशात हे मोजण्याचे कारण काय, असा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला गेला आणि तो रास्त आहे. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम दशलक्ष भागांत साधारण चार भाग असते, तर दख्खनच्या बेसाल्टमध्ये एका भागाहूनही कमी. म्हणजे आपला काळा दगड या बाबतीत सौम्यच म्हणावा लागेल. परंतु खोलीत किती रेडॉन साचेल हे केवळ खडकातील युरेनियमवर ठरत नाही. जमीन किती सच्छिद्र आहे, जोत्याखाली काय भरले आहे, फरशी कुठे फुटली आहे आणि खिडक्या किती तास बंद असतात, यावरही ते तितकेच ठरते. म्हणून शाळा निवडताना जमिनीचे तीन प्रकार घेतले आहेत : पाचोरा तालुक्यातील काळ्या कसदार जमिनीवरची एक, रावेर तालुक्यात तापीच्या गाळावरची एक, आणि चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेली एक निवासी आश्रमशाळा. पायथ्याचा हा पट्टा डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा, वाळूचा आणि भरड मुरमाचा आहे. पाणी जिथे सहज मुरते आणि खोल जाते, तिथे जमिनीतील वायूलाही वर यायला अडथळा कमी असतो.

१६ नोव्हेंबर

तिन्ही शाळांच्या विज्ञान शिक्षकांची बैठक झाली. एककाबद्दल सर्वांचे एकमत होईपर्यंत पुढे जायचे नाही असे ठरवले होते, म्हणून त्यावरच बराच वेळ दिला. एका घनमीटर हवेत दर सेकंदाला एका अणूचे विघटन होत असेल तर ते प्रमाण एक बेकरेल प्रति घनमीटर. उघड्यावरच्या हवेत हा आकडा साधारण ५ ते १५ असतो आणि जगभरातील घरांची सरासरी ४० च्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० ही संदर्भ पातळी सुचवली, आणि स्थानिक परिस्थितीमुळे ती गाठणे शक्य नसेल तिथे ३०० च्या वर जाऊ देऊ नये असे सांगितले. अमेरिकेत १४८ ला उपाय करावा असे म्हणतात. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात ३०० ही कमाल मर्यादा आहे. या वह्यांत आम्ही १०० आणि ३०० हे दोनच आकडे आधाराला घेणार आहोत.

हे आकडे म्हणजे 'इथपर्यंत सुरक्षित आणि इथून पुढे विषारी' अशी भिंत नव्हे, हे शिक्षकांनी मुलांना आणि पालकांना सांगताना जपले पाहिजे. दीर्घकाळच्या सरासरीत १०० बेकरेलची वाढ झाली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. म्हणजे धोका हळूहळू चढत जातो, एकदम सुरू होत नाही.

स्टॅन्ली वॉट्रास यांची हकिकत सर्वांना ठाऊक नव्हती, ती सांगितली. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक येथे उभारणी चाललेल्या अणुवीज केंद्रात हे अभियंते काम करीत होते आणि किरणोत्साराची तपासणी करणाऱ्या यंत्राचा भोंगा त्यांच्यामुळे वारंवार वाजत असे. केंद्रात अद्याप वीजनिर्मिती सुरूच झालेली नव्हती. शोध घेतला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरात रेडॉनचे प्रमाण एक लाख बेकरेलच्या घरात निघाले. कपड्यांवर चिकटून येत होते ते घरचेच कण. अमेरिकेत शाळांच्या खोल्या तपासण्याची मोहीम त्यानंतरच्या काळातली आहे, आणि तिथल्या सर्वेक्षणात जवळपास दर पाच शाळांमागे एका शाळेत निदान एक खोली तिथल्या कृती-पातळीच्या, म्हणजे १४८ च्या, वर सापडली. एका शाळेतील सगळ्या खोल्या सारख्या नसतात, ही गोष्ट आपल्या कामासाठी त्या सर्वेक्षणातून घेण्यासारखी आहे.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचे मतदान होते आणि दोन शाळांत केंद्रे होती, त्यामुळे खोल्यांची पाहणी आज केली. केंद्रासाठी हलवलेली बाके आणि कपाटे अजून जागेवर गेलेली नाहीत, याचा फायदा असा झाला की एरवी कपाटामागे झाकलेल्या भिंतींचे बुंधे आणि फरशीचे कोपरे नीट पाहता आले.

पाचोऱ्याकडच्या शाळेत काळ्या मातीने आपले काम केलेले आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभ्या असलेल्या इमारतीच्या जोत्याला दरवर्षी हा ताण सोसावा लागतो. दोन वर्गांत शहाबादी फरशी मधोमध उचलली गेली आहे आणि भिंतीलगतचे सांधे सुटलेले आहेत. ओल्या मातीत वायू फारसा हलत नाही, पण उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीतून त्याला सरळ वाट मिळते.

रावेरकडच्या शाळेची इमारत नवी आहे, कोबा अखंड आहे, भिंती राखेच्या विटांच्या आहेत. दीपनगरच्या औष्णिक केंद्रामुळे भुसावळ परिसरात या विटांचा वापर सर्रास होतो. कोळसा जळल्यावर त्यातील रेडियम राखेत एकवटते हे खरे, पण भट्टीच्या उष्णतेत राखेचे कण काचेसारखे वितळून घट्ट झालेले असल्याने तयार होणारा रेडॉन बहुतांशी त्या कणांतच अडकून राहतो. त्यामुळे केवळ विटा राखेच्या आहेत म्हणून संशय घेणे योग्य नाही, मोजून पाहावे. या शाळेची अडचण वेगळी आहे. संगणक आणि मोठा पडदा बसवलेल्या 'डिजिटल वर्गा'त एसी आहे, धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या आहेत, आणि ही खोली शाळेतील सर्वांत बंदिस्त खोली झाली आहे.

आश्रमशाळेत वर्गखोल्यांपेक्षा मुलांची निवासाची खोली महत्त्वाची वाटली. लांबट दालन, खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रे, दोन्ही लांब भिंतींना खिडक्या आणि छताखाली झरोके. झरोक्यांना पुठ्ठे आणि गोणपाट लावलेले आहेत. कोब्यात पाण्याच्या नळीसाठी केलेले भोक भरलेले नाही. त्यातून खालची रेती दिसते.

२५ नोव्हेंबर

आज तिन्ही ठिकाणी डिटेक्टर टांगले. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेली सूचिछिद्रांची दुहेरी डबी आम्ही वापरीत आहोत. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने ती उपलब्ध करून दिली. डबीच्या दोन कप्प्यांत एलआर-११५ ही तांबड्या रंगाची नायट्रोसेल्युलोजची पातळ फिल्म असते. हवा गाळणीतून पहिल्या कप्प्यात जाते आणि तिथून बारीक छिद्रांवाटे दुसऱ्या कप्प्यात झिरपते. थोरियमच्या साखळीतून येणारा थोरॉन, म्हणजे रेडॉन-२२०, याचे अर्धायुष्य केवळ ५६ सेकंदांचे असल्याने दुसऱ्या कप्प्यात पोहोचेपर्यंत तो जवळजवळ संपतो; म्हणून पहिल्या कप्प्यात दोन्ही वायूंची आणि दुसऱ्यात फक्त रेडॉनची खूण उमटते. भिंतीच्या अगदी जवळ थोरॉन जास्त असतो, यासाठी डबी भिंतीपासून हातभर दूर टांगली. खिडकी, दार आणि पंख्याचा थेट झोत टाळला. वर्गात बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीचा अंदाज घेऊन उंची ठरवली.

काही खोल्यांत शेजारी शेजारी दोन डब्या लावल्या आहेत, म्हणजे दोघींच्या आकड्यांत किती फरक पडतो ते कळेल. आणि काही फिल्म पाकिटातून न काढता कपाटात ठेवल्या आहेत, म्हणजे फिल्मवर आधीच असलेल्या खुणा वजा करता येतील. एवढी काळजी घेतली नाही तर अखेरीस हाती येणाऱ्या आकड्यावर बोलण्याचा अधिकार उरत नाही.

या पद्धतीची एक मर्यादा आरंभीच लिहून ठेवणे आवश्यक आहे. डबी तीन महिने अहोरात्र तिथेच राहील. मुले वर्गात दिवसाचे पाच-सहा तास असतात. रात्र, रविवार आणि नाताळच्या आसपासच्या सुट्या या काळात खोली बंद असते आणि तेव्हाच रेडॉन साचतो. म्हणजे फिल्म जो आकडा देईल तो खोलीचा आकडा असेल, मुलांच्या श्वासात गेलेल्या हवेचा नव्हे. दिवसाच्या शाळेत तो खऱ्या संपर्कापेक्षा जास्त दिसेल. आश्रमशाळेत मात्र मुले नेमकी त्या बंद तासांतच खोलीत असतात. म्हणून प्रत्येक खोलीच्या दाराजवळ एक तक्ता लावला आहे आणि खोली किती वाजता उघडली, किती वाजता बंद झाली, खिडक्या उघड्या होत्या की नाही, एसी चालू होता की नाही, एवढे रोज लिहायची जबाबदारी वर्गातील मुलांवर सोपवली आहे. माझ्या मते हा तक्ता डबीइतकाच महत्त्वाचा आहे.

९ डिसेंबर

विभागाकडचे तासातासाची सरासरी देणारे यंत्र मिळाले. ते शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर रावेरकडच्या डिजिटल वर्गात ठेवले आणि आज सकाळी पाहिले. शनिवार दुपारपासून आकडा चढत गेला, रविवारी संध्याकाळी ११० च्या आसपास स्थिरावला आणि रात्रभर तिथेच राहिला. आज सकाळी दार आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडल्यावर दोन तासांत तो ३० च्या घरात आला. शेजारचा साधा वर्ग, ज्याच्या खिडकीची दोन तावदाने कित्येक दिवसांपासून नाहीत, त्यात आकडा ४० च्या वर गेलाच नाही. जमीन तीच, कोबा तोच, विटाही त्याच.

एसीबद्दल शिक्षकांमध्ये एक समज आढळला तो दूर केला : भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. छताचा पंखाही वायू घालवत नाही. तो एवढेच करतो की विघटनातून झालेले काही कण भिंतींवर आणि पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसतात. वायू कमी करायचा तर बाहेरची हवा आत आली पाहिजे.

या खोलीसाठी निर्णय आजच घेतला, फिल्मची वाट पाहिली नाही : पहिल्या तासापूर्वी अर्धा-पाऊण तास सर्व खिडक्या उघडायच्या, आणि संगणकांवर धूळ बसू नये म्हणून तेवढ्यापुरते कापडी आच्छादन टाकायचे. मुख्याध्यापक सरांनी ही जबाबदारी शिपाईकाकांकडे दिली आणि तक्त्यात नवा रकाना आखला.

२१ डिसेंबर

यंत्र आता आश्रमशाळेच्या निवासी दालनात आहे. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतली आहे. पायथ्याला थंडी कडक आहे, पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, आणि मुले संध्याकाळच्या जेवणानंतर आत आली की दार-खिडक्या सकाळपर्यंत लागलेल्या असतात.

यंत्राने दिलेला आलेख स्पष्ट आहे. दुपारी ३० ते ४०. दार बंद झाल्यावर चढ सुरू, मध्यरात्री १०० पार, पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास २०० च्या वर, आणि मुले प्रार्थनेला बाहेर पडली की झपाट्याने उतार. तीन रात्री हाच क्रम राहिला, म्हणून तो योगायोग मानता येणार नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रात्री दालनातली हवा मुलांच्या अंगच्या उबेने कोमट होते आणि बाहेर कडाक्याची थंडी असते. कोमट हवा वर चढते, पत्र्यांच्या फटींतून निसटते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी तळाशी ओढ निर्माण होते. दाराखिडक्यांतून हवा येऊ शकत नसेल तर ती कोब्याच्या भेगांतून, म्हणजे जमिनीतून येते. सच्छिद्र गोट्यांचा थर, न भरलेले भोक, बंद खिडक्या आणि थंड रात्र, हे चारही घटक या एका दालनात एकत्र आले आहेत, आणि त्याच वेळी मुले जमिनीवर गाद्या टाकून आठ-नऊ तास तिथे झोपलेली असतात. दिवसाच्या शाळेतील मूल वर्गात घालवते त्यापेक्षा हे तास जास्त आहेत आणि हवाही तुलनेने अधिक साचलेली आहे. शाळांमधील रेडॉन म्हटले की आपण वर्गखोलीचाच विचार करतो; खान्देशात आणि सातपुड्यात जिथे जिथे निवासी शाळा आहेत तिथे मोजणीची सुरुवात निवासापासून झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

खिडक्या उघड्या ठेवा एवढे सांगून हा प्रश्न सुटणार नाही. स्वयंपाकघरातील मावशींनी तो एका वाक्यात मांडला : "पोरं रातले कुडकुडतस, सर." गोणपाट कोणी निष्काळजीपणाने लावलेले नाही, थंडीपासून मुलांना जपण्यासाठी लावलेले आहे. सर्दी-खोकला आजचा आहे आणि कर्करोगाचा धोका कित्येक वर्षांनंतरचा, तोही शक्यतेच्या रूपातला. दोन्हींची दखल घेणारा उपायच इथे चालेल.

३० डिसेंबर

पाण्याची शंका तपासली. अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत आणि पायथ्याच्या विंधनविहिरी खोल आहेत, तेव्हा पाण्यातून रेडॉन येत असेल का, असे एका शिक्षकांनी विचारले होते. पाण्यात असलेल्या रेडॉनचा साधारण दहा हजारावा भागच घरातील हवेत पोहोचतो असे गृहीत धरतात. शिवाय इथले पाणी उघड्या टाकीत पडते, दालनात नळ नाही आणि स्नानगृह स्वतंत्र आहे. दालनातील आकड्याचा पाण्याशी संबंध जोडता येत नाही. हा विषय इथे थांबवला.

जानेवारीअखेर, २०२५

संक्रांतीच्या सुटीनंतर दालनात धुराची चाचणी केली. संध्याकाळी दार-खिडक्या बंद करून, सगळे पंखे थांबवून, एक उदबत्ती जमिनीलगत हळूहळू फिरवली. दालनाच्या मध्यावर धूर सरळ वर जात होता. दक्षिणेकडच्या भिंतीच्या बुंध्याशी, जिथे कोबा आणि भिंत यांच्यामध्ये नखाएवढी फट आहे, तिथे धुराची रेघ वाकली आणि भिंतीपासून दूर ढकलली जाऊ लागली. नळीच्या भोकावर उदबत्ती धरल्यावर धूर तुटून बाजूला फेकला गेला. तळाची हवा वर येत आहे हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. नववीच्या एका मुलीने खडूने अशा सर्व जागांवर फुल्या मारल्या आणि त्यांचा नकाशा वहीत काढला. तो नकाशा मूळ नोंदींसोबत जोडला आहे.

त्यानंतर टप्प्याटप्प्याने बदल केले आणि प्रत्येक बदलानंतर यंत्राने पाहिले. आधी फक्त वरचे झरोके मोकळे केले, कारण ते मुलांच्या अंगावर थेट वारा आणत नाहीत. पहाटेचा आकडा उतरला, पण अपेक्षेपेक्षा कमी. यामागे कारण आहे. वर मोठी वाट आणि खाली काहीच नाही, अशी रचना झाली की कोमट हवा अधिक जोराने निघून जाते आणि तळाची ओढ उलट वाढते. म्हणून दुसऱ्या टप्प्यात दाराच्या खालच्या अंगाला, गाद्यांपासून दूर, जाळी बसवून बाहेरची हवा आत येण्याची वाट केली. त्या रात्रीनंतर पहाटेचा आकडा १२० च्या आसपास राहू लागला. तिसरा टप्पा भेगा भरण्याचा : नळीचे भोक काँक्रीटने आणि भिंतीलगतची फट लवचिक सीलंटने बुजवली. नुसते सिमेंट तिथे पुन्हा तडकले असते.

ग्रामपंचायतीकडून एग्झॉस्ट पंखा मिळवून देण्याची एका सद्गृहस्थांची तयारी होती. त्यांचे आभार मानून तो तूर्त नको असे कळवले. हवा बाहेर फेकणारा पंखा बंद खोलीत लावला तर तो जमिनीतून हवा खेचण्याचेच काम करील. जिथे प्रमाण फार जास्त असते तिथे कोब्याखाली नळी घालून, खालचीच हवा पंख्याने ओढून छतावर सोडतात. ती पद्धत वेगळी आणि खात्रीची आहे, पण इथल्या आकड्यांना तिची गरज आहे असे आज वाटत नाही.

१ मार्च

सर्व डब्या उतरवल्या. पाचोऱ्याकडची शाळा २१ फेब्रुवारीपासून दहावीचे परीक्षा केंद्र आहे. तिथल्या एका वर्गाची वापरण्याची वेळ शेवटच्या आठवड्यात बदलली, त्याची नोंद तक्त्यात आहे. एक डबी खाली पडलेली आढळली, ती गणनेतून वगळली.

८ मार्च

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फिल्म विकसित केल्या. एका लिटर पाण्यात १०० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, तापमान ६० अंश, वेळ ९० मिनिटे. अल्फा कणाने फिल्ममधून जाताना जी अदृश्य इजा केलेली असते तिथे हे द्रावण इतर भागापेक्षा लवकर पोखरते आणि आरपार सूक्ष्म भोक पडते. तापमानात एखाद्या अंशाचा फरक पडला तरी भोकांची संख्या बदलते, म्हणून पाण्याच्या टाकीजवळून कोणी हलले नाही.

धुऊन वाळवलेली फिल्म आधारपटापासून सोलली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी हलकी होते. ती ठिणगी-गणकाच्या दोन धातूपट्ट्यांमध्ये, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिक पटलाखाली ठेवतात. विद्युतदाब चढवला की भोकाभोकातून ठिणगी उडते, प्रत्येक ठिणगी वरचा ॲल्युमिनियम जाळते आणि त्या जागी पांढरा ठिपका उमटतो. एकदा जळलेल्या जागी पुन्हा ठिणगी पडत नाही, म्हणून एक भोक एकदाच मोजले जाते. आश्रमशाळेच्या दालनातील फिल्मवर ठिपक्यांची दाटी साध्या डोळ्यांना दिसत होती. आश्रमशाळेतून आलेल्या दोघा विद्यार्थ्यांनी ते ठिपके भिंगाखाली स्वतः मोजले आणि गणकाच्या आकड्याशी ताडून पाहिले.

मोजणीतील अनिश्चितता लिहिणे बंधनकारक ठेवले आहे. १०० ठिपके मिळाले तर स्वाभाविक चढउतारच दहाचा असतो. म्हणून ३५ आणि ३८ असे आकडे आलेल्या दोन वर्गांत फरक आहे असे म्हणता येत नाही, आणि अहवालात तसे कोणी म्हणू नये.

२२ मार्च

निष्कर्ष तयार झाले. पाचोऱ्याकडच्या सर्व वर्गांची हिवाळी सरासरी ५० च्या खाली आहे, फरशी फुटलेल्या वर्गांचीसुद्धा; कारण तिथल्या खिडक्या कधी नीट लागतच नाहीत. रावेरकडच्या शाळेत डिजिटल वर्ग सोडता तेच चित्र. डिजिटल वर्गाची सरासरी ७० च्या जवळपास आहे आणि तक्त्यातील उघड-बंद वेळा पाहता मुलांच्या तासांत ती याहून बरीच कमी असणार. आश्रमशाळेच्या दालनाची सरासरी १२० च्या वर आली, आणि तिच्यात जानेवारीतील सुधारणांनंतरचे आठवडेही मिसळलेले आहेत. म्हणजे सुधारणा झाल्या नसत्या तर ती अधिक असती. आकडा ३०० च्या खूप खाली आहे, १०० च्या वर आहे, आणि मुले जिथे झोपतात त्या खोलीचा आहे. अहवालात ही तिन्ही विधाने एकत्रच लिहिली जातील.

आश्रमशाळेत पालकांची सभा झाली. पाड्यांवरून बरेच पालक आले होते. "पोरांची काही तपासणी करावी लागेल का?" हा पहिला प्रश्न होता. नाही, असे उत्तर दिले आणि कारण समजावून सांगितले : रेडॉनमुळे आज कोणाला आजार झालेला नाही, कोणतेही औषध घ्यायचे नाही, धोका वर्षानुवर्षांच्या श्वासाने वाढतो आणि हवा बदलली की ती वाढ थांबते. त्याचबरोबर विडीचा विषय टाळला नाही. धूम्रपान करणाऱ्याला रेडॉनमुळे होणारा धोका न करणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो. मुलांना या दालनात आम्ही मोकळी हवा देऊ शकतो, पण पुढे त्यांनी विडी ओढली तर याच हवेचा अर्थ त्यांच्यासाठी बदलेल, हे मराठीतून सांगितले आणि एका शिक्षकांनी पावरी या आदिवासी बोलीतून पुन्हा सांगितले.

५ एप्रिल

उन्हाळा लागला, शाळा सकाळची झाली, दार-खिडक्या रात्रंदिवस उघड्या आहेत. या दिवसांत मोजलेल्या कमी आकड्यावरून समाधान मानणे चुकीचे ठरेल, म्हणून मोजणी थांबवली आहे. दालनातील राहिलेल्या भेगा सुटीत भरून घ्यायच्या. कोबा पूर्ण कोरडा असताना सीलंट चांगला धरतो. हिवाळ्यासाठी जादा ब्लँकेट आणि जमिनीपासून वर झोपता येईल अशा खाटा यांची मागणी मुख्याध्यापकांनी लेखी पाठवली आहे. झरोके मोकळे ठेवायचे तर मुलांना उबेची सोय आधी मिळाली पाहिजे, अशी अट आमच्या शिफारशीत शब्दशः घातली आहे.

पुढची फेरी जूनमध्ये शाळा उघडल्यावर. पावसाने बाहेरची जमीन भिजून मिटली की वायूला इमारतीखालची कोरडी जागाच मोकळी उरते, त्यामुळे पावसाळ्यातला आकडा स्वतंत्रपणे पाहणे गरजेचे आहे. डब्या त्याच खिळ्यांना टांगायच्या, तक्ते तेच ठेवायचे. मुलींच्या निवासी दालनात या वेळी मोजता आले नाही; तिथे पहिली डबी लागेल.